विषम तारखांच्या मुली

२७ मे, बुधवार

एकोणीस! उर्वशी म्हणे एकोणीस वर्षांची होणार!

दुपारी संघटनेचा मेल आला. मोबाईल उर्वशीचा, पण मेल वाचायचा मी. या घरातली इंग्रजी पत्रं आणि मराठी अर्ज, दोन्ही माझ्याच वाट्याला येतात. ऑगस्टअखेर बँकॉकला ज्युनियर खेळाडूंची आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा आहे. देशातून दोन मुली निवडल्या, त्यांत माझ्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. होतं! नियम असा की एक जुलैपूर्वी खेळाडूला एकोणीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. दहावीच्या सनदेवर उर्वशीची जन्मतारीख ९ जून २००७ आहे. म्हणजे बावीस दिवसांच्या फरकाने अपात्र. ‘आपल्या जागी राखीव खेळाडूचा विचार करण्यात येईल. हरकत असल्यास अधिकृत कागदपत्रांसह २० जूनपर्यंत कळवावे.’

आणि ती ९ जूनला जन्मलेलीच नाही! ती जन्मली २३ ऑक्टोबरला, आर्णीच्या सरकारी दवाखान्यात, दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी. मी चार वर्षांची होते. देवळीतली आपट्याची पानं अजून वाळायची होती. दवाखान्याचा दाखला आईच्या पेटीत आहे, पिवळा पडलेला, पण अक्षर स्पष्ट आहे.

मग ९ जून कुठून आली? हे विचारण्यासाठी मला दूर जावं लागणार नाही. ज्या हाताने ती तारीख शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात लिहिली तो हात आत्ता पलीकडच्या खोलीत पंख्याचं बटण दाबतो आहे.

२८ मे, गुरुवार

उर्वशीनेच विचारलं. मला विचारवलं नसतं.

‘‘बाबा, माही तारीख काहून बदलवली?’’

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चाळीस वर्षं वर्गात हेच केलं असेल. ‘‘पहिलीत घ्यायले जूनमध्ये सहा वर्षं पुरे लागत होते. तुले चार महिने कमी. चार महिन्यासाठी पोरगी वर्षभर घरी बसवू का? अन् तुह्या एकटीची नाही. साऱ्याइचीच बदलवली.’’

साऱ्यांची! हे मला माहीत होतं आणि तरी आज प्रथमच ऐकल्यासारखं ऐकलं. गावोगावचे गुरुजी जूनची पहिली तारीख टाकून मोकळे होत. आमच्या बाबांना, मारोतराव गुरुजींना, तो आळस वाटे. ‘‘सारं गाव एका दिवशी जन्मलं असं दिसलं तं तपासणीवाला इचारन ना, का बा इथं त्या दिवशी काय झालतं?’’ म्हणून त्यांनी पद्धत काढली. जून महिना वाटून द्यायचा. मुलांना सम तारखा, मुलींना विषम. एका वर्षी एक तारीख दोघांना नाही. सुवाच्य अक्षरात, निळ्या शाईत, समासाचं भान ठेवून केलेलं असत्य!

माझी स्वतःची तारीख १३ जून. खरी २ ऑगस्ट. एम.ए.च्या प्रवेश अर्जापर्यंत मी ती लिहीत आले आणि मला कधी खटकलं नाही, कारण माझं काही अडलं नाही. हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते. राग मात्र त्याने कमी होत नाही.

३० मे, शनिवार

उर्वशीबरोबर लोहाऱ्याला गेले. एस.टी.त ती खिडकीशी बसून पायाचे घोटे फिरवत होती, मी पुस्तक उघडून एकही ओळ वाचली नाही.

औद्योगिक वसाहतीतल्या त्या बंद गोदामात ती नऊ वर्षांची असल्यापासून शिकते. आत्या तेव्हा लोहाऱ्यात राहत होती. सुट्टीत उर्वशी तिच्याकडे गेली आणि चाकांचे बूट घालूनच परत आली. राजदीप सर एका कारखान्यात पाळीवर असतात, उरलेल्या वेळात मुलांना शिकवतात. खरा बर्फ तिला पंधराव्या वर्षी मिळाला, तोही दिल्लीच्या बाजूच्या एका मॉलमधला. उन्हाळ्यात दीड महिना, पहाटे दुकानं उघडण्यापूर्वी. बाकी साडेदहा महिने हा कोबा.

सरांनी मेल वाचला आणि भिंतीवर हात आपटला. ‘‘नऊ साल की मेहनत यार! मी स्वतः चारदा फॉर्म भरला हिचा. मले काय माहीत का तुमच्या घरी वाढदिवस गुरुजी ठरवतात!’’

तिने संगीताशिवाय सराव केला. डबल अ‍ॅक्सेल: पुढे तोंड करून झेपावायचं, हवेत अडीच फेऱ्या, मागे तोंड करून एका पायावर उतरायचं. तीन वेळा पडली. चौथ्यांदा उतरली, हात पसरलेले, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. हसूसुद्धा नाही. गुडघ्याची साल निघाली होती.

‘‘बर्फ बरा ताई,’’ म्हणाली. ‘‘थंडा असते, पण घसरू तं देते. हा कोबा धरून ठेवते.’’

परतताना म्हणाली, ‘‘पुढच्या वर्षी मी खरंच एकोणीसची असन. मग ज्युनियर नाही. अन् मोठ्या गटात मले कोण घेईन? त्या पोरी तीन-तीन फेऱ्या घेतात हवेत. हे एकच वर्ष होतं.’’

होतं, म्हणाली. भूतकाळ वापरला.

१ जून, सोमवार

बाबांच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. आज जून लागला. आता महिनाभर रोज केक. सम तारखेला मुलांचे, विषमला मुलींचे. सगळे खोटे. बाबा प्रत्येकाला ‘शतायुषी व्हा’ लिहितात!

३ जून, बुधवार

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात गेलो. मी अर्ज रात्रभर मनात घोळवून दोन पानी लिहिला होता. खिडकीशी पोचल्यावर मी नेहमीप्रमाणे मागे सरकले. उर्वशीनेच कागद पुढे सरकवला.

आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी आधी अर्जाचं अक्षर पाहिलं. ‘‘कोणी लिहिला? लय भारी भाषा आहे हो!’’ मग मजकूर पाहिला. दवाखान्याचा दाखला उजेडात धरला.

‘‘दाखला चालते. पण रजिस्टरात दुसरी तारीख आहे ना. ते चुकली कशी, हे सांगाले पाह्यजे कोणीतरी. ज्यानं नोंद केली त्यानं लिहून द्या लागते, का बा माह्या हातून चुकीची नोंद झाली. त्याची सही, साक्षीदाराची सही. मंग साहेब हुकूम काढतात, आठ दिवसात.’’

‘‘एवढंच?’’ उर्वशी.

‘‘एवढंच म्हणजे? कोणता मास्तर लिहून देते, बाई! मी अठरा वर्षांपासून या टेबलावर आहे. एकानंही नाही देलं.’’ मग रजिस्टरची नक्कल पाहून थांबल्या. ‘‘नोंद करणार मारोतराव... अन् वडिलांचं नाव बी मारोतराव. अय्यो! मंग तं घरचंच काम आहे तुमचं.’’

आम्ही जिन्यावरून उड्या मारत उतरलो. उर्वशीने मला उसाचा रस पाजला. मला वाटलं, संपलं.

४ जून, गुरुवार

बाबा नाही म्हणाले.

मी पुन्हा लिहिते, कारण अजून माझा विश्वास बसत नाही. बाबा नाही म्हणाले.

‘‘एक नोंद चुकीची म्हणून लिहून देली तं ते म्हणतीन, बाकीच्या आणा पाहू. चाळीस वर्षांचे रजिस्टर उघडतीन. माह्या पेन्शनचं जाऊ दे, तुमची आई अन् मी ज्वारीची भाकर खाऊन राहू. पण ज्याईच्या नोकऱ्या त्या तारखेवर लागल्या, त्याईचं काय?’’

संध्याकाळी लालसिंगदादा आले. कोणी सांगितलं कोण जाणे, गावात बातमी पायाने चालत नाही. लालसिंग आडे, तांड्यावरून रोज तीन किलोमीटर चालत शाळेत येणारा बाबांचा लाडका विद्यार्थी. आता पोलीस, दोन मुलांचा बाप. पिशवीभर गावरान आंबे आणले होते. ओट्यावर बसले, टोपी मांडीवर.

‘‘गुरुजी, खरं सांगतो. माही याडी म्हणते मी पोळ्याच्या दिवशी जन्मलो. तुमी ८ जून लिहिली. भरतीच्या दिवशी कागदावर माहे अठरा पुरे होते, खरे सतरा. तुमी लिहून देलं अन् फाईल फिरली, तं अकरा वर्षांची सर्विस जाईन माही. फसवणूक म्हणतीन.’’ मग आमच्याकडे पाहून, हलक्या आवाजात, ‘‘उर्वशी, तुहं नुकसान मले समजते, बहिणी. पण मी काय करू?’’

उर्वशी आत निघून गेली. आंबे तसेच पडले आहेत. एकही खाणार नाही.

६ जून, शनिवार

आज जेवताना मला पुढील गोष्टी म्हणायच्या होत्या.

की ज्या माणसाने मला शिकवलं ‘पुराव्याशिवाय विधान करू नये’, त्याने चाळीस वर्षं विनापुरावा विधानं केली. की दुसऱ्यांच्या मुलांवर इतकी माया असणं आणि स्वतःच्या मुलीच्या नऊ वर्षांवर पाणी सोडणं, याला त्याग म्हणत नाहीत, मोठेपणाची चटक म्हणतात. की गावाने ‘गुरुजी गुरुजी’ म्हणत पाया पडून तुमची सवय बिघडवली आहे. की जन्म देणं हे आईचं काम, तारीख देणं काळाचं. तुम्हाला या दोघांत कोणी बोलावलं होतं?

हे सर्व मी म्हणाले नाही. मी म्हणाले, ‘‘भाजीत मीठ नाही.’’

आई म्हणाली, ‘‘आहे. तुह्या तोंडाले चव नाही.’’

यापुढे बाबांशी बोलायचं नाही असं ठरवलं. तसंही मी फारसं बोलत नाही, त्यामुळे त्यांच्या लक्षात येईल की नाही ही शंका आहे. हाही एक संताप!

७ जून, रविवार

संघटनेच्या पानावर राखीव मुलीचा फोटो आला. पारपत्र हातात, हसते आहे. तिचा काही दोष नाही. तरी मी मोबाईल उशीखाली दाबून ठेवला.

उर्वशीने बूट धुवून, चाकं काढून, पेटीत ठेवले. आईच्या पेटीत, त्या पिवळ्या दाखल्याशेजारी.

८ जून, सोमवार

आलं त्यांच्या लक्षात.

दुपारी मी प्रबंधाचं टिपण काढत होते. बाबा येऊन टेबलाशी उभे राहिले. लहानपणी निबंध तपासून घ्यायला मी त्यांच्यासमोर उभी राहत असे, तसे. एक कागद ठेवला, घडी घातलेला.

‘‘नयन, एवढं पाह्यजो बरं. भाषा बरोबर आहे का ते. तुह्याइतकं मले आता जमत नाही.’’

कशाचा कागद असणार? कुणाच्या तरी नातवाच्या वसतिगृहाचा अर्ज, कुणाची विधवा पेन्शन, किंवा उद्याच्या एखाद्या निरोप समारंभाचं भाषण. या घरात जगाचे अर्ज लिहिले जातात, आपला सोडून! मी मान वर केली नाही. कागदावर शब्दकोश ठेवला आणि लिहीत राहिले.

ते थोडा वेळ थांबले. मग गेले. संध्याकाळी शब्दकोश उचलून कागद घेऊन गेले असावेत. मी पाहिला नाही. वाचला तर नाहीच.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं.

९ जून, मंगळवार

आज उर्वशी कागदावर एकोणीस वर्षांची झाली. त्या गटात सकाळपासून केक, फुगे, टाळ्या. ‘गुरुजींच्या कन्येला हार्दिक शुभेच्छा! देशाचं नाव उंचाव!’ तिने एकेकाला ‘धन्यवाद’ लिहिलं. मी पाहत होते. माझ्याने पाहवेना.

आणि बाबा? सकाळी साडेनऊला लालसिंगदादा मोटारसायकल घेऊन आले. बाबांनी पांढरा सदरा घातला, इस्त्रीचा, निकालाच्या दिवशी घालत तो. मागे बसले आणि गेले. मुलीच्या या वाढदिवशी यांना गावच्या कोणाच्या तरी सत्काराला जायचं होतं! की हवालदारसाहेबांना आपल्या गुरुजींवर नजर ठेवायची आहे, घरात राहून पाझर फुटायला नको म्हणून?

दुपारी परत आले. आईला म्हणाले, ‘‘ऊन लय आहे.’’ बसून आंबा पिळून खाल्ला, त्याच पिशवीतला!

उर्वशी त्या वेळी गच्चीवर होती. अनवाणी, तापलेल्या गच्चीवर, डोळे मिटून हातांच्या हालचाली करत. चार मिनिटांचा पूर्ण कार्यक्रम. शेवटी मान खाली घालून ती कुणालातरी नमस्कार करते, तोसुद्धा केला. समोर टाकी होती.

आता मी गप्प बसणार नाही. मला बोलता येत नाही. लिहिता येतं.

१० जून, बुधवार

दिला.

एकटी गेले. घरी कोणाला सांगितलं नाही. आवक-जावकच्या बाई रजेवर होत्या, दुसऱ्या एका साहेबांनी शिक्का मारून पोच दिली. आवक क्रमांक २१६.

विषय: शालेय अभिलेखातील जन्मतारखांच्या हेतुपुरस्सर चुकीच्या नोंदींबाबत तक्रार. साडेतीन पानं. मी आजवर लिहिलेलं सर्वांत नेटकं गद्य. प्रथम वस्तुस्थिती, मग उर्वशीचं प्रकरण, मग पुरावा. पुरावा हवाच, कारण एकच नोंद चुकीची आहे असं म्हटलं तर ‘नजरचूक’ म्हणून फेटाळतील. म्हणून पद्धत सांगितली. जून महिना, सम तारखा मुलांना, विषम मुलींना. कोणतंही वर्ष उघडून पडताळून पाहावं, असं लिहिलं. उदाहरणादाखल चार नावं दिली. पहिलं माझं स्वतःचं, कारण स्वतःला वगळून तक्रार करणं अप्रामाणिक ठरलं असतं. दुसरं लालसिंगदादांचं. मुद्दाम. एका माणसाच्या पट्ट्यासाठी माझ्या बहिणीने आयुष्यभर गच्चीवर नाचायचं का?

अखेरीस: ‘संबंधित शिक्षक हे अर्जदाराचे वडील असून, ते स्वेच्छेने निवेदन देण्यास तयार नाहीत, म्हणून हा मार्ग अवलंबावा लागत आहे.’

सही केली.

परत येताना रसवंतीवर एकटीने रस घेतला. अर्धा ठेवला.

१२ जून, शुक्रवार

काही उत्तर नाही. बाबा दारातल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्याकडे पाहतात. पोस्टमन गेला की आत येतात. त्यांना कशाची वाट आहे?

१३ जून, शनिवार

माझा कागदी वाढदिवस. बाबांनी गटात लिहिलं, ‘नयन, शतायुषी हो.’ एकाच घरात, दोन खोल्यांच्या अंतरावरून.



१५ जून, सोमवार

कार्यालयातून उर्वशीला फोन आला: उद्या या, सोबत मोठ्या बहिणीला आणा. उर्वशीने पेटीतून बूट काढले आणि उगीच चाकं बसवली. ‘‘ताई, तू काही केलं का?’’ मी म्हणाले, ‘‘हो.’’ तिने मला इतक्या जोरात मिठी मारली की चष्मा वाकडा झाला.

साडेतीन पानांत जग हलतं! मला आज कोणाचीही भीती वाटत नाही.

१६ जून, मंगळवार

उर्वशीच्या हातात हुकूम मिळाला. २३ ऑक्टोबर २००७. ती जिन्यावरून धावत खाली गेली, राजदीप सरांना फोन करायला.

बाईंनी मला थांबवलं. ‘‘हा हुकूम गुरुजीच्या अर्जावर झाला. नऊ तारखेचा आहे, दोनशे अकरा नंबर. अठरा वर्षांत पहिला मास्तर पाह्यला मी लिहून देणारा! तुमचा दुसऱ्या दिवशी आला. ते तक्रार आहे ना बाई, ते परत नाही घेता येत. वरतून चौकशी लागली आता. साहेबानं साऱ्या वर्षांचे रजिस्टर मागवले.’’ मग, खरंच कुतूहलाने, ‘‘हे सम-विषमचं तुमाले कोणी सांगतलं हो? आमाले जन्मात नसतं समजलं.’’

बाबांचा अर्ज पाहायला मागितला. सहा ओळी. कागदावर घडीच्या दोन रेघा, आणि मधोमध शब्दकोशाच्या कोपऱ्याने पडलेला वळ. ‘ही चूक फक्त माझ्या मुलीच्या नोंदीपुरती असून ती बापाच्या लोभाने झाली. अन्य कोणाचाही तिच्याशी संबंध नाही.’

भाषा बरोबर होती.

खाली साक्षीदाराची सही: लालसिंग आडे.